मुंग्यांच्या पहाऱ्याआड वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या

मुंग्यांच्या वारुळात शिरणे कोणत्याही परक्या कीटकाला सोपे नसते. दाराशी कामकरी मुंग्यांची सतत ये-जा असते, येणाऱ्या प्रत्येकाला शृंगिकांनी चाचपले जाते आणि ओळख पटली नाही तर जबडे, डंख किंवा फॉर्मिक आम्ल यांचा मारा तत्काळ सुरू होतो. तरीही वारुळाच्या अगदी आतल्या दालनात, जिथे मुंग्या आपली अंडी, अळ्या आणि कोष सांभाळतात, तिथेच काही गांधीलमाश्या वाढतात. मुंगीचा म्हणून जपलेला कोष उघडून पाहावा आणि आतून मुंगीऐवजी हिरवट-निळसर धातूसारखी चकाकणारी छोटी गांधीलमाशी निघावी, असे काही जातींच्या वारुळांत खरोखर घडते. या कीटकांविषयी वाचताना मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की त्यांतील बहुतेक जण पहारा मोडण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. अन्न गोळा करणे, पिल्ले उचलून नेणे, घर स्वच्छ ठेवणे या ज्या कामांवर मुंग्यांची वसाहत उभी असते, त्याच कामांचा ते स्वतःसाठी वापर करून घेतात.

गांधीलमाशी म्हटले की पोळे बांधणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची आणि डंख मारणारी माशी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या मोठ्या गटातील बहुसंख्य जाती एकेकट्या राहणाऱ्या आणि अगदी लहान, कित्येकदा दोन-तीन मिलिमीटरच्या, असतात. त्या माणसाला डंख मारत नाहीत. मादीच्या पोटाच्या टोकाशी असलेली सुईसारखी नळी अंडी घालण्यासाठी असते आणि ती अंडी दुसऱ्या कीटकाच्या शरीरात, शरीरावर किंवा त्याच्या वाटेत घातली जातात. अंड्यातून निघालेली अळी त्या यजमान कीटकावर पोसली जाते आणि शेवटी त्याला मारूनच मोठी होते. अशा जीवांना शास्त्रज्ञ ‘पॅरासिटॉइड’ म्हणतात. ऊ किंवा गोचीड यजमानाला सहसा जिवंत ठेवते. पॅरासिटॉइडच्या बाबतीत यजमानाचा मृत्यू जवळजवळ ठरलेला असतो. मुंग्याही प्राचीन काळच्या गांधीलमाश्यांपासूनच उत्क्रांत झाल्या आहेत, त्यामुळे इथे शिकारी आणि शिकार हे एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत.

पुढचे सारे समजण्यासाठी मुंग्या एकमेकींना कशा ओळखतात हे आधी पाहावे लागेल. वारुळात अंधार असतो, त्यामुळे डोळ्यांचा तिथे उपयोग नाही. प्रत्येक मुंगीच्या शरीरावरील कवचावर मेणासारखा अतिशय पातळ थर असतो. तो प्रामुख्याने लांब साखळीच्या हायड्रोकार्बन संयुगांचा बनलेला असतो आणि त्या संयुगांचे परस्परप्रमाण जातीनुसार, तसेच एकाच जातीतल्या वेगवेगळ्या वसाहतींनुसारही, बदलते. मुंग्या एकमेकींना चाटतात, अन्न तोंडातून तोंडात देतात, अंग घासून जवळून जातात, आणि त्यामुळे वसाहतीतील सर्वांचा गंध एकसारखा होत राहतो. भेटलेल्या कीटकाचा गंध या सामाईक गंधाशी जुळला तर तो आपला, न जुळला तर परका.

या व्यवस्थेत दोन फटी आहेत. नुकत्याच कोषातून बाहेर पडलेल्या कोवळ्या मुंगीच्या अंगावर ओळख पटवणारी संयुगे फारच कमी असतात, तरीही तिला कोणी मारत नाही; गंध जवळपास नसणे हे वारुळाच्या आत तरी शत्रुत्वाचे लक्षण मानले जात नाही. दुसरी फट म्हणजे हा गंध उसना घेता येतो. जो काही काळ मुंग्यांच्या अंगाला लागून राहील किंवा त्यांच्या पिल्लांवर पोसला जाईल, त्याच्या अंगाला तोच वास येऊ लागतो.

काही गांधीलमाश्या वारुळात शिरण्याचा धोका पत्करतच नाहीत. मुंगी उघड्यावर असते त्या क्षणांवर त्यांची भिस्त असते. स्पेनमध्ये चित्रित केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत कोलास्मोसोमा सेंटम या नव्या जातीचे वर्णन आहे. दोन मिलिमीटरच्या आसपास असलेली ही माशी कॅटाग्लिफिस इबेरिकस या वेगवान मुंगीच्या मागे जमिनीलगत उडत राहते. ही मुंगी चालताना पोटाचा भाग वर उचलून धरते. माशी मागून झेप घेते, त्या उचललेल्या पोटावर टेकते, नळी टोचते आणि उडून जाते, आणि या सगळ्याला सुमारे एक विसांश सेकंद लागतो. कित्येकदा मुंगी वळून जबडे उघडते, पण तोवर माशी तिथे नसते. नेहमीच्या वेगाने घेतलेल्या चित्रीकरणात हा प्रसंग नीट दिसणेही अवघड आहे. अंडे पोटात घेऊन मुंगी पुढे वारुळात जाते, म्हणजे शत्रूला आत नेण्याचे काम तिच्याकडूनच पार पडते.

त्याच अभ्यासात हायब्रिझॉन बुकॅटस या जातीचीही निरीक्षणे आहेत. लॅसियस वंशाच्या मुंग्या एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना अळ्या जबड्यात धरून वाटेवरून नेतात. ही गांधीलमाशी अशा वाटेवर तरंगत राहते, ओझे नसलेल्या मुंग्यांकडे दुर्लक्ष करते आणि अळी नेणारी मुंगी दिसली की खाली उतरून थेट त्या अळीत अंडे घालते. पानांची घरटी विणणाऱ्या ओएकोफायला मुंग्यांच्या बाबतीत संधी आणखी विलक्षण आहे. या मुंग्या पाने एकमेकांना जोडण्यासाठी स्वतःच्या अळ्या जबड्यात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पाने शिवली जातात. स्मिक्रोमॉर्फा वंशाच्या फिक्या रंगाच्या गांधीलमाश्या नेमक्या या वेळी घरट्यावर घिरट्या घालताना आणि उघड्यावर आलेल्या अळ्यांवर उतरताना ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या आरंभीच पाहिल्या गेल्या होत्या. अळी एरवी घरट्याच्या पोटात सुरक्षित असते. बांधकामासाठी ती बाहेर आणावीच लागते, आणि तेवढाच वेळ गांधीलमाशीला पुरतो.

तरीही वारुळाच्या आत वाढण्याची कला ज्यांनी पूर्णत्वाला नेली, त्या युकॅरिटिडी कुळातील गांधीलमाश्या होत. या कुळाच्या सुमारे ७०० जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे आणि ज्यांचे जीवनचक्र कळले आहे त्या सर्वच्या सर्व मुंग्यांच्याच पिल्लांवर जगतात. उष्ण कटिबंधात त्यांची विविधता सर्वाधिक आहे. दिसायला त्या विलक्षण असतात. अंगावर धातूची झळाळी, पाठीत बाक, छाती आणि पोट यांना जोडणारा लांब सडपातळ देठ, आणि काही वंशांत नरांच्या शृंगिका पिसासारख्या फुटलेल्या. कपाला वंशात पाठीवरून मागे दोन लांब काटे निघतात. ते कशासाठी असावेत याविषयी अभ्यासकांनी अनेक तर्क केले आहेत. मुंग्यांच्या जबड्यांपासून शरीर वाचवणे हा त्यांतला एक.

युकॅरिटिड मादी वारुळाच्या जवळही फिरकत नाही. तिचे प्रौढ आयुष्य सहसा काही दिवसांचे असते आणि कोषातून बाहेर पडतानाच तिच्या पोटात तयार अंडी असतात. ती वनस्पतीवर जाते आणि पानाच्या ऊतीत, कळीत किंवा फळाच्या सालीत अंडी घालते. जातीनुसार ही अंडी शेकडो किंवा हजारोंच्या घरात असतात. इतकी अंडी का, याचे उत्तर पुढच्या टप्प्यात आहे. अंड्यातून निघालेल्या अळीला ‘प्लॅनिडियम’ म्हणतात. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे साध्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखी दिसणारी असते. बहुतेक गांधीलमाश्यांच्या अळ्या मऊ, पांढऱ्या आणि जागच्या जागी पडून राहणाऱ्या असतात. प्लॅनिडियमच्या शरीरावर मात्र कठीण पट्ट्या असतात, ती रांगू शकते, शेपटाकडच्या टोकावर उभी राहून वाट पाहू शकते आणि जवळून जाणाऱ्या कीटकाला चिकटू शकते. बहुसंख्य प्लॅनिडियम मुंगी न भेटताच मरतात, आणि हा तोटा भरून काढण्यासाठीच अंड्यांची संख्या एवढी मोठी असते.

आईने अंडी कुठे घातली यावर प्लॅनिडियमचे नशीब बरेचसे अवलंबून असते, आणि इथे ओरासेमा वंशाची उदाहरणे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशातील ओरासेमा सिम्युलॅट्रिक्स ही जाती डेझर्ट विलो या झाडाच्या पानांवर, मधुरस स्रवणाऱ्या ग्रंथींच्या लगत अंडी घालते. फुलांबाहेरच्या या ग्रंथींवर रस पिण्यासाठी मुंग्या नियमित येतात. त्यांत या माशीची यजमान असलेली फीडोले डेझर्टोरम ही मुंगीही असते. मधुरसापाशी दबा धरून बसलेली प्लॅनिडियम तिच्याबरोबर वारुळाकडे निघते. ओरासेमाच्या काही जातींनी आणखी एक मधला दुवा जोडला आहे. त्यांच्या प्लॅनिडियम आधी फुलकिड्यांच्या पिल्लांना चिकटतात. मुंग्या ती पिल्ले शिकार म्हणून उचलतात, घरी नेतात आणि आपल्या अळ्यांपुढे ठेवतात. प्लॅनिडियम तिथे वाहन बदलते.

मुंगीच्या अळीपर्यंत पोहोचल्यावर ती घाई करत नाही. काही गटांत ती अळीच्या त्वचेखाली, साधारणपणे डोक्यामागच्या भागात, अर्धीमुर्धी शिरते. काहींत ती बाहेरून चिकटून राहते. ती थोडेसे पोषण घेते, फुगते, पण यजमान अळीला मरू देत नाही, कारण अळी जिवंत राहिली आणि मोठी झाली तरच पुढचे अन्न मिळणार आहे. कामकरी मुंग्या त्या अळीला भरवत राहतात. अळी कोषावस्थेत गेली की प्लॅनिडियम कात टाकते, कोषातील मुंगीच्या पोटाकडच्या बाजूला, कोवळ्या पायांच्या आसपास स्थिरावते आणि मग खरे खाणे सुरू होते. काही दिवसांत आतली घडत असलेली मुंगी सुकलेल्या सालीसारखी होते आणि तिच्या जागी गांधीलमाशी आकार घेते. अमेरिकी मुंगीतज्ज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर यांनी १९०७ मध्ये ओरासेमामुळे बिघडलेल्या अशा खुरटलेल्या मुंग्यांचे सविस्तर वर्णन केले होते. मुंग्यांची रूपे कशी ठरतात या प्रश्नाच्या मागे लागलेले असतानाच त्यांना परोपजीवीपणाचा हा परिणाम हाताळावा लागला.

एवढा काळ ही परकी अळी मुंग्यांच्या लक्षात कशी येत नाही? आग मुंग्यांवर जगणाऱ्या एका ओरासेमा जातीच्या १९८९ मधील अभ्यासाने याचे बरेचसे उत्तर दिले. वारुळात असेपर्यंत या गांधीलमाशीच्या अंगावर यजमान मुंग्यांचीच हायड्रोकार्बन संयुगे आढळली. वारुळाबाहेर पडल्यावर त्यांचे प्रमाण घटत गेले आणि तिचा स्वतःचा वेगळा रासायनिक ठसा दिसू लागला. म्हणजे आत असताना तिला घरचा वास असतो आणि बाहेर गेल्यावर तो हळूहळू उतरतो.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत रोचक वाटतो: प्रौढ माशी बाहेर कशी पडते? तिला पंख आहेत, जोडीदार बाहेर आहे, अंडी घालायची झाडे बाहेर आहेत आणि ती उभी आहे जमिनीखालच्या गर्दीच्या मध्यभागी. मेक्सिकोतील एक्टाटोमा ट्युबरक्युलॅटम या मुंगीवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने इथे एक अनपेक्षित वाट दाखवली. या मुंगीच्या वारुळात युकॅरिटिडी कुळातील एकाहून अधिक जाती वाढतात. कोषातून निघालेल्या माश्यांच्या अंगावर मुंग्यांशी मिळतीजुळती संयुगे होती, पण प्रमाणाने कमी. वेशांतर अपुरे होते. मुंग्यांनी त्यांना शत्रू मानून फाडले नाही आणि पूर्णपणे आपलेही मानले नाही. त्या नको असलेल्या वस्तू ठरल्या. घरातील कचरा जसा उचलून बाहेर टाकला जातो, तशा कामकरी मुंग्या या माश्यांना जबड्यात धरतात आणि वारुळाबाहेर नेऊन सोडतात. उचलली गेलेली माशी प्रतिकार करत नाही. पाय अंगाशी घेऊन निपचित राहते आणि सुटका होताच उडून जाते. मुंग्यांची स्वच्छतेची सवय त्यांच्या शत्रूसाठी बाहेर पडण्याची सोय ठरते. वेशांतर परिपूर्ण असते तर कदाचित तिला कोणी बाहेर नेलेच नसते, म्हणून या अपुरेपणाला दोष म्हणणे मला योग्य वाटत नाही.

गंध उसना घेण्याचे दुसरे उदाहरण मुंग्यांच्या पिल्लांवर जगत नाही, तरीही ते इथे सांगायला हवे. लॅसियस वंशाच्या मुंग्या मुळांवर राहणारा मावा सांभाळतात आणि त्याच्यापासून मिळणारा गोड स्राव पितात. जमिनीखालच्या या माव्यात अंडी घालणारी पॅरालिप्सिस वंशाची छोटी गांधीलमाशी मुंग्यांच्या गर्दीतच वावरते. ती मुंग्यांच्या अंगावर चढते, स्वतःला त्यांच्याशी घासते आणि वसाहतीचा गंध आपल्या अंगावर चढवते. तो एकदा चढला की मुंग्या तिला सहन करतात आणि तिने विनवणी केली की तोंडातून अन्नही देतात. यजमान माव्याची राखण मुंग्या करतात, आणि त्या माव्याला मारणाऱ्या माशीला जेवूही घालतात. डायाप्रिडी कुळातील काही गांधीलमाश्याही मुंग्यांच्या वसाहतीत राहतात. त्यांतील काही जातींना पंखच नसतात आणि त्यांची ठेवण व रंग यजमान मुंग्यांसारखा असतो. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्यांच्या अळ्यांत आतून वाढणाऱ्या डायाप्रिडीही सापडल्या आहेत.

आतापर्यंतच्या सर्व माश्यांनी लपण्याचा किंवा निसटण्याचा मार्ग धरला. युरोपातील डोंगराळ कुरणांवर आढळणारी इक्न्यूमॉन युमेरस मात्र वारुळात चालत शिरते. तिला मुंग्या नको असतात. तिला हवा असतो त्यांच्या घरात लपलेला एक सुरवंट, आणि ही गुंतागुंत उलगडून सांगावी लागेल. मिर्मिका शेंकी या तांबूस मुंगीच्या वारुळात रेबेल निळा या फुलपाखराचा सुरवंट राहतो. काही अभ्यासक त्याला आता अल्कॉन निळा या फुलपाखराचेच एक रूप मानतात. सुरवंट सुरुवातीला जेंशियन वनस्पतीच्या फुलोऱ्यावर पोसतो, मग जमिनीवर पडतो आणि अंगाच्या गंधामुळे मुंग्या त्याला आपलीच हरवलेली अळी समजून उचलून नेतात. वारुळात मुंग्या त्याला तोंडाने भरवतात आणि त्याच्या अंतिम वजनाचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग तो तिथेच कमावतो. अन्नाची टंचाई झाली तर मुंग्या स्वतःच्या अळ्यांकडे दुर्लक्ष करून त्याला जगवतात. सुरवंटाला याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण.

इक्न्यूमॉन युमेरसची मादी आधी नेमके मिर्मिका शेंकीचे वारूळ गंधावरून शोधते आणि त्यातही ज्यात सुरवंट आहे तेच निवडते. रिकाम्या वारुळात ती जीव धोक्यात घालत नाही. आत शिरल्यावर मुंग्या तिच्यावर तुटून पडतात. तिचे कवच कठीण असते, पण तिची भिस्त तिच्या अंगातून सुटणाऱ्या रसायनांवर असते. ब्रिटनमधील जेरेमी थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार किमान चार संयुगे एकत्र काम करतात. काहींमुळे मुंग्या दूर पळतात, काहींमुळे त्या आकर्षित होतात, आणि काहींमुळे त्या आक्रमक होऊन समोर येईल त्यावर, म्हणजे आपल्याच बहिणींवर, हल्ला करतात. ज्या मुंग्या माशीला भिडतात त्यांच्या अंगाला ही रसायने लागतात आणि मग इतर मुंग्या त्यांनाच शत्रू मानतात. वारुळात आपसांत लढाई पेटलेली असताना माशी सुरवंटांपर्यंत पोहोचते, प्रत्येकात एक अंडे घालते आणि निघून जाते. सुरवंट मुंग्यांच्या देखरेखीखाली वाढत राहतो, कोषात जातो, आणि पुढच्या वर्षी त्या कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशी निघते.

एका गांधीलमाशीच्या अस्तित्वासाठी इथे एक विशिष्ट वनस्पती, एक विशिष्ट मुंगी आणि एक विशिष्ट फुलपाखरू या तिघांची एकाच कुरणावर गाठ पडावी लागते. फुलपाखरू स्वतःच युरोपात दुर्मीळ होत चालले आहे. चराईची जुनी पद्धत थांबली की गवत उंच वाढते, जमिनीचे तापमान बदलते आणि विशिष्ट जातीच्या मिर्मिका मुंग्या तिथून निघून जातात. त्यानंतर जेंशियन फुलत राहिले तरी सुरवंटाला सांभाळणारे कोणी उरत नाही. त्या सुरवंटावर जगणारी माशी या साखळीच्या टोकाला आहे, त्यामुळे तिचा आधार सर्वांत आधी निखळतो. फुलपाखरासाठी लोक हळहळतात, संरक्षणाच्या योजना आखतात. त्याच्या परोपजीवीसाठी क्वचितच कोणी बोलते. मला ती माशीही तितकीच जपण्याजोगी वाटते.

उलट बाजूने, या माश्या माणसाच्या उपयोगी पडतील का, असाही विचार झाला आहे. दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामा राज्यात मोबिल बंदरमार्गे पोहोचलेल्या तांबड्या आग मुंगीने पुढे दक्षिणेकडील राज्यांत फार मोठा प्रदेश व्यापला. तिच्या मूळ प्रदेशात ओरासेमा तिच्या पिल्लांवर जगते, म्हणून जैविक नियंत्रणासाठी ओरासेमाकडे पाहिले गेले. पण दोन अडचणी आहेत. ओरासेमा अंडी घालताना पानांत आणि फळांत भोके पाडते, त्यामुळे मुंगी कमी करण्यासाठी आणलेला कीटक पिकावर डाग पाडणारी कीड ठरू शकतो. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हजारो कामकरी मुंग्यांच्या वसाहतीत काही कोष गेल्याने वसाहत कोलमडत नाही. राणी अंडी घालत राहते आणि नुकसान भरून निघते. यजमान वसाहत संपली तर पुढच्या पिढीच्या प्लॅनिडियमना न्यायला मुंग्याच उरणार नाहीत. आग मुंगीच्या नियंत्रणासाठी प्रत्यक्षात सोडल्या गेलेल्या कीटकांत म्हणूनच प्रौढ कामकरी मुंग्यांच्या डोक्यात वाढणाऱ्या फोरिड माश्यांवर (या गांधीलमाश्या नव्हेत, खऱ्या माश्या) भर राहिला. त्याही मारतात थोड्याच मुंग्यांना, पण त्यांच्या नुसत्या घिरट्यांमुळे मुंग्या अन्न गोळा करणे थांबवून लपून बसतात.